तिरप्या पट्टीचे गुपित

तुम्ही शिवलेल्या झबल्याच्या गोल गळ्याला चुण्या पडल्या? पट्टी सरळ कापली असेल!

एक सुती हातरुमाल घ्या. उभा ओढा, आडवा ओढा. फारसा ताणत नाही. आता समोरासमोरचे कोपरे धरून ओढा. सहज लांबतो! असे का? कापडाचे उभे-आडवे धागे परस्परांना काटकोनात असतात. तिरपे ओढल्यास धागे लांबत नाहीत, त्यांच्यातील कोन बदलतो. चौरस कलून समभुज चौकोन होतो.

म्हणून ४५ अंशांत कापलेली पट्टी वळणावर नीट बसते. मरोळच्या शिंप्याला विचारा, तो हिला 'उरेब पट्टी' म्हणेल. १९२० च्या दशकात पॅरिसच्या मादलेन व्हियोने यांनी याच गुणावर अख्खे पोशाख बेतले. तुम्ही गळ्यापासून सुरुवात करा!