नाण्यांची बटणे

प्रस्तावना

नाण्यांचा दागिना म्हटला की महाराष्ट्रात पुतळ्यांची माळ आठवते. ती स्त्रियांच्या गळ्यात शोभते. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील नाव्हाहो जमातीत मात्र चांदीच्या जुन्या नाण्यांतून पुरुषांचेही अलंकार घडले. या कलेची आणि तिच्यामागील जिद्दीची ओळख प्रस्तुत पाठात करून दिली आहे.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्हांला
• नाण्यांपासून अलंकार घडविण्याची रीत सांगता येईल;
• अलंकार आणि अर्थव्यवहार यांतील संबंध स्पष्ट करता येईल.

मूळ पाठ

नाव्हाहो लोक स्वतःला ‘दिने’ म्हणवतात. शेती आणि मेंढपाळी हे त्यांचे जीवन. 1863-64 मध्ये अमेरिकी सैन्याने त्यांची शेते व फळबागा उद्ध्वस्त केल्या आणि हजारो लोकांना शेकडो किलोमीटर पायी चालवत बॉस्क रेडोंडो येथील छावणीत नेले. तेथे उपासमारीने आणि रोगराईने अनेकांचे बळी घेतले. 1868 च्या करारानंतर ते मायभूमीत परतले, तेव्हा त्यांच्याजवळ फारसे काही उरले नव्हते. पुढच्या काही दशकांत याच समाजात चांदीकाम बहरले.

अत्सिदी सानी हा नाव्हाहोंचा पहिला चांदी-कारागीर मानला जातो. एका मेक्सिकन लोहाराकडून तो लोहारकाम शिकला. पुढे त्याने चांदीकामाची विद्या आपल्या मुलांना दिली आणि ती हळूहळू पसरत गेली.

या कारागिरांना चांदी मिळे ती नाण्यांतून. अमेरिकी चांदीच्या डॉलरमध्ये 90 टक्के चांदी असे. मेक्सिकन पेसोत ती किंचित अधिक. साधने साधीच होती. बकऱ्याच्या कातड्याचा भाता, मातीची मूस आणि ऐरण म्हणून लोखंडाचा एखादा जुना तुकडा! वॉशिंग्टन मॅथ्यूज या लष्करी डॉक्टरने या कामाचे बारकाईने केलेले वर्णन 1883 मध्ये प्रसिद्ध झाले.

नाणी मुशीत वितळवून, ठोकून त्यांचे पत्रे केले जात. त्यांतून कमरपट्ट्यावरच्या गोल चकत्या घडत. धनुर्धराच्या मनगटावरील चामडी पट्ट्यालाही चांदीचा पत्रा बसवीत. हा पट्टा प्रत्यंचेच्या फटक्यापासून मनगटाचे रक्षण करी आणि त्याची शोभाही वाढवी.

बटणांची रीत याहून सोपी होती. नाणे खोलगट साच्यात ठोकून घुमटाकार करीत व मागे तारेची कडी झाळून बसवीत. काही वेळा नाणे न ठोकता नुसतीच कडी लावीत. अशी बटणे अंगरख्यावर, पट्ट्यांवर ओळीने मिरवत. व्यापाऱ्याच्या दुकानात पैसे कमी पडले, तर एखादे बटण कापून दिले की काम भागे. मोठी अडचण आली, तर कमरपट्टा गहाण पडे आणि सुगी झाली की सोडवून आणला जाई. ज्यांच्या दारी बँक नव्हती, त्यांची पुंजी अशी त्यांच्या अंगावरच असे.

1890 च्या सुमारास अमेरिकी नाण्यांची मोडतोड करण्यास सक्त मनाई झाली. तरी कारागिरांचे हात थांबले नाहीत. त्यांनी मेक्सिकन पेसो वापरले. पुढे व्यापाऱ्यांकडून चांदीचे तयार पत्रे घेतले. साहित्य बदलले, पण कसब टिकले. सर्वस्व हिरावले गेलेल्या समाजाला या कसबाने उपजीविका दिली आणि ताठ मानेने जगण्याचे बळही दिले.

लक्षात ठेवा

भारतात 2011 च्या नाणेविषयक कायद्यानुसार चलनातील नाणी वितळवणे किंवा नष्ट करणे हा गुन्हा आहे.

शब्दार्थ

मूस – धातू वितळवण्याचे पात्र
प्रत्यंचा – धनुष्याची दोरी
झाळणे – वितळलेल्या धातूने दोन भाग जोडणे
पुंजी – साठवलेले धन
कसब – हातातील कौशल्य

पाठगत प्रश्न

1. नाव्हाहो कारागिरांना चांदी कशातून मिळे?
2. मनगटावरील पट्ट्याचे दोन उपयोग लिहा.
3. ‘साहित्य बदलले, पण कसब टिकले’ या विधानाचा अर्थ स्पष्ट करा.
4. तुमच्या परिसरात अडचणीच्या वेळी उपयोगी पडणारे दागिने कोणते? वडीलधाऱ्यांना विचारून पाच-सहा वाक्ये लिहा.