पुराव्याची मागणी : ‘द लॉस्ट वर्ल्ड’चे एक वाचन

शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल यांची ‘द लॉस्ट वर्ल्ड’ ही कादंबरी १९१२ साली लंडनच्या ‘स्ट्रँड’ मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. दक्षिण अमेरिकेच्या अरण्यातील एका दुर्गम पठारावर प्रागैतिहासिक प्राणी अद्याप जिवंत आहेत, असा दावा प्राध्यापक चॅलेंजर करतात. मुलांना त्यातील डायनासोर आवडतात, ते स्वाभाविकच आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र तीतील सभेची प्रकरणे लक्षपूर्वक वाचावीत.

चॅलेंजर मोठे विद्वान. तरी केवळ त्यांच्या शब्दाखातर कोणी विश्वास ठेवत नाही. प्राध्यापक समरली भर सभेत शंका घेतात आणि स्वतःच शहानिशा करावयास निघतात. घरी बसून नाकारणे किती सोपे होते! ऐकीव गोष्टीवर, परंपरेवर वा गुरूच्या अधिकारावर विसंबू नये, ही कालामसुत्तातील शिकवण ज्यांच्या परिचयाची आहे, त्यांना समरली जवळचे वाटतील. परतल्यावर तेच साक्ष देतात. पण सभा त्यांच्याकडेही पुरावा मागते. अखेर चॅलेंजर पेटी उघडून जिवंत टेरोडॅक्टिल दाखवितात.

पठारावरील युद्धाचा प्रसंग मात्र अस्वस्थ करतो. तेथील आदिवासी आणि नरवानर यांच्यात जुने वैर आहे. गोरे प्रवासी बंदुका घेऊन आदिवासींच्या बाजूने उतरतात. नरवानरांतील नर मारले जातात. माद्या व पिले गुलाम होतात. चॅलेंजर तर या विजयाने हर्षभरित होतात. याच कथेतील लॉर्ड जॉन रॉक्स्टन पेरूमध्ये गुलामांच्या व्यापाऱ्यांशी लढलेले आहेत. स्वतः डॉयल यांनी १९०९ मध्ये काँगोतील सक्तीच्या मजुरीविरुद्ध पुस्तक लिहिले होते. तरीही पठारावरील गुलामगिरीला एकही प्रवासी हरकत घेत नाही! झँबो या कृष्णवर्णीय सेवकाची बुद्धी तर लेखक घोड्याच्या तोलाची ठरवितो. माणूस कोणाला म्हणावयाचे हे परस्पर ठरविले गेले, की काय होते, हे आपल्या समाजाला निराळे सांगावयास नको.

पुढे डॉयल मृतात्म्यांशी संवाद होतो असे मानू लागले. १९२६ च्या ‘द लँड ऑफ मिस्ट’मध्ये त्यांनी चॅलेंजर यांनाही त्याच श्रद्धेकडे वळविले. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत आणि दुसऱ्या पुस्तकातील चॅलेंजर कोणत्या पुराव्याने वळले, ते शोधून वहीत लिहावे.