सरासरी त्वरण : दोन टोकांचा हिशेब

वेग आणि त्वरण या संज्ञांची गल्लत विद्यार्थ्यांकडून वारंवार होते. विशिष्ट दिशेने एकक काळात होणारे विस्थापन म्हणजे वेग. त्या वेगात एकक काळात होणारा बदल म्हणजे त्वरण. ठरावीक कालावधीतील सरासरी त्वरण आपण असे काढतो :

सरासरी त्वरण = (अंतिम वेग − सुरुवातीचा वेग) ÷ लागलेला वेळ

समजा, सरळ रस्त्यावर एका बसचा वेग ८ सेकंदांत ताशी १८ किलोमीटरवरून ताशी ५४ किलोमीटर झाला. दोन्ही संख्यांना ५/१८ ने गुणले की सेकंदाला ५ मीटर व १५ मीटर असे वेग मिळतात. बदल १०, त्याला ८ ने भागता सरासरी त्वरण १.२५ मीटर प्रति वर्ग सेकंद येते. घाईने १५ लाच ८ ने भागणारा विद्यार्थी, बस आधीपासूनच धावत होती हे विसरतो.

येथवर फारशी अडचण येत नाही. मात्र एकदा रात्रीच्या अभ्यासिकेत आम्ही पुढील प्रश्न दिला. ४०० मीटरच्या धावपट्टीच्या सरळ भागावर एक धावपटू सेकंदाला ५ मीटर या एकसमान चालीने पूर्वेकडे धावत आहे. अर्ध्या फेरीनंतर तो त्याच चालीने पश्चिमेकडे धावतो. या काळातील सरासरी त्वरण किती? बहुतेकांनी ‘शून्य’ लिहिले. दोष त्यांचा नव्हता. आम्हीच सूत्र आकड्यांनी शिकवले होते, दिशेसह नव्हे.

पूर्व दिशा धन मानू. सुरुवातीचा वेग +५, अंतिम वेग −५; म्हणून बदल −१०. २०० मीटर अंतरास ४० सेकंद लागले. सरासरी त्वरण −०.२५, म्हणजेच पश्चिमेकडे ०.२५ मीटर प्रति वर्ग सेकंद. चाल तसूभरही बदलली नाही. वेग मात्र उलटला.

आता पूर्ण फेरी पाहू. ८० सेकंदांनंतर धावपटू पुन्हा पूर्वेकडेच धावत असतो. वेगातील एकूण बदल शून्य, म्हणून सरासरी त्वरणही शून्य. तरीही दोन्ही वळणांवर त्याची दिशा क्षणोक्षणी बदलत होती. तेथे त्वरण होतेच. पहिल्या वळणाने वेगात जो बदल घडवला, तो दुसऱ्याने फेडला इतकेच.

सरासरी त्वरण दोन टोकांचा हिशेब सांगते, मधल्या वाटेचा नाही. म्हणून उदाहरण सोडवताना आधी दिशा ठरवावी, मग एकके जुळवावीत आणि त्यानंतरच वजाबाकीला हात घालावा.