देणारी कोण, घेणारी कोण? फॉर्मवरचे जुळे शब्द



मागच्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत एक ताई म्हणाल्या, "इंग्रजी फॉर्म आला की आम्ही सही करतो आणि तुझ्याकडे देतो. तू शिकलेली." ते ऐकून मला माझी एक चूक आठवली. ती आधी सांगते, मग धडा.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे फॉर्म भरत होते. वर्षाला 20 रुपये हप्ता आणि अपघाती मृत्यू झाला तर 2 लाख रुपये, अशी ही योजना. एकाच बैठकीत ढीगभर फॉर्म आणि बँक बंद व्हायच्या आत पोचायची घाई. एका फॉर्मवर नॉमिनीच्या रकान्यात मी त्या ताईंचंच नाव लिहिलं. त्यांनी विश्वासाने सही केली. दीड वर्षाने त्या अपघातात गेल्या. मुलगी कागद घेऊन बँकेत गेली, तर आईच आईची नॉमिनी! मग वारसाची कागदपत्रं, तालुक्याच्या चकरा. पैसे मिळाले, पण सात महिन्यांनी. तोवर घर गटाच्या अंतर्गत कर्जावर चाललं. चूक माझी होती, त्रास त्या पोरीला झाला.

म्हणून आज हे जुळे शब्द शिकू या. दिसायला सख्ख्या बहिणी, पण कामं उलटी.

खूण पहिली: शेवट बघा

इंग्रजीत शब्दाच्या शेवटी 'अर' असा आवाज आला, तर बहुतेक वेळा तो काम करणारा असतो. शेवटी 'ई' आला, तर ज्याच्यासाठी किंवा ज्याच्याबाबत ते काम होतं तो.

पेयर म्हणजे पैसे देणारा, पेई म्हणजे पैसे घेणारा. चेकवर 'पे' या शब्दापुढे पेईचं नाव लिहायचं. गटाने खताच्या दुकानाला चेक दिला तर तिथे दुकानाचं नाव येईल, गटाचं नाही. चेकच्या डाव्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा मारून 'अकाउंट पेई' लिहिलं, तर पैसे घेणाऱ्याच्या खात्यातच जमा होतात, रोख मिळत नाहीत. आणि चेक तारखेपासून 3 महिनेच चालतो हेही लक्षात असू द्या.

एम्प्लॉयर म्हणजे कामावर ठेवणारा, एम्प्लॉयी म्हणजे कामाला असलेली व्यक्ती. मुलगी किंवा सूनबाई कंपनीत असेल तर तिचा पीएफचा कागद बघा. एम्प्लॉयी शेअर तिच्या पगारातून कापलेला असतो, एम्प्लॉयर शेअर मालकाने भरलेला.

नॉमिनी म्हणजे आपण जिचं नाव सुचवलं ती व्यक्ती. नाव सुचवणाऱ्या आपण, म्हणून आपलं स्वतःचं नाव तिथे कधीच येत नाही. आणखी एक गोष्ट: बँकेच्या ठेवीत नॉमिनीला पैसे हातात मिळतात, पण त्यामुळे बाकीच्या वारसांचा हक्क संपत नाही.

खूण दुसरी: 'ड' ऐकू आला तर

विम्याच्या कागदावर इन्शुअरर आणि इन्शुअर्ड असे दोन शब्द असतात. आपण म्हणतो "मी विमा काढला", म्हणून वाटतं इन्शुअरर म्हणजे आपण. तसं नाही. विम्याचं संरक्षण देणारी कंपनी इन्शुअरर, आणि जिला संरक्षण मिळालं ती इन्शुअर्ड.

जिथे खूण फसवते

लेंडर आणि बॉरोअर, दोघांच्या शेवटी 'अर'च आहे. मग घेणारी कोण? इथे कामं दोन आहेत. 'लेंड' म्हणजे उसने देणं, 'बॉरो' म्हणजे उसने घेणं. म्हणून लेंडर बँक आणि बॉरोअर आपण. जुन्या मराठीत यांनाच धनको आणि ऋणको म्हणायचे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. कर्जाच्या कागदावर नवऱ्यासाठी, दिरासाठी "नुसती एक सही कर" असं सांगतात. त्या सहीच्या वर काय लिहिलंय ते वाचा. को-बॉरोअर लिहिलं असेल तर तुम्ही स्वतः कर्जदार आहात, पैसे कोणीही वापरलेले असोत. गॅरंटर लिहिलं असेल तर तुम्ही जामीनदार आहात. आणि 1872 च्या भारतीय करार कायद्याप्रमाणे, करारात वेगळं काही नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. 'नुसती' सही असं काही नसतं.

जाता जाता आणखी एक जोडी. हप्ता 'ड्यू' आहे म्हणजे भरायचा आहे. 'ओव्हरड्यू' आहे म्हणजे तारीख उलटून गेली.

पुढच्या बैठकीत हे करा

लेखनिक ताईंनी मोठ्याने वाचावं, बाकीच्यांनी उत्तर द्यावं.

1. गटाने मंडपवाल्याला चेक दिला. पेई कोण?
2. बँकेने गटाला 3 लाखांचं कर्ज दिलं. बॉरोअर कोण?
3. जावेच्या कर्जाला तुम्ही गॅरंटर आहात. तिचे हप्ते थकले. बँक कोणाकडे मागू शकते?

उत्तरं: 1. मंडपवाला. 2. गट. 3. दोघींकडेही.

आता मी फॉर्म भरते तेव्हा एक नियम पाळते. ताईंनी रकान्यावर बोट ठेवायचं, तिथे कोणाचं नाव येणार ते स्वतः सांगायचं, मगच मी पेन टेकवते. वेळ जास्त लागतो. लागू दे.

आज घरी गेल्यावर एवढंच करा: विम्याचा आणि ठेवीचा कागद काढा, नॉमिनीच्या रकान्यात कोणाचं नाव आहे ते बघा. चुकीचं असेल किंवा रकाना रिकामा असेल तर बँकेत अर्ज देऊन बदलता येतं. अर्ज लिहायला मी आहेच, पण वाचायचा तुम्ही.

तुमची,
क्षेत्र समन्वयक