संगणकाचा पडदा व त्यावरील बिंदु

संगणकावरील अक्षरें पुसट दिसूं लागलीं म्हणजे आपण प्रथम डोळ्यांस दोष देतों व मग पडद्यास. पुष्कळदां दोष या दोहोंचाहि नसून मांडणीचा असतो. तो ओळखतां यावा व आपल्याच हातांनीं दूर करतां यावा, या हेतूनें आम्ही येथें उबुंटु या प्रणालीच्या आधारें थोडें विवेचन करणार आहों.

उबुंटूची पहिली आवृत्ति २००४ सालीं निघाली. तिचा गाभा जो लिनक्स, त्याचा आरंभ १९९१ सालीं फिनलंड देशांतील लिनस टॉरव्हाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानें केला. हिची मूळ लिखावट कोणासहि वाचावयास व सुधारावयास मोकळी आहे, म्हणून हिला मुक्तस्रोत प्रणाली म्हणतात.

पडदा म्हणजे सूक्ष्म बिंदूंची जाळी होय. ज्या पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८० बिंदु आहेत, त्यावर एकंदर २०,७३,६०० बिंदु झाले. ही संख्या पडदा घडवितांनाच ठरते. संगणक जितक्या बिंदूंचें चित्र पाठवितो, त्या मापास रेझोल्यूशन म्हणतात. दोन्ही मापें जुळलीं म्हणजे चित्राचा एक बिंदु पडद्याच्या एका बिंदूवर नेमका बसतो. आतां याच पडद्यावर १२८०×७२० चें चित्र पसरलें तर काय होईल? दोन बिंदूंचा ऐवज तीन बिंदूंवर वांटावा लागेल. मग मधला बिंदु ना काळा ना पांढरा, असा करडा होतो व अक्षरांच्या कडा विरतात. देवनागरींत याचा उपद्रव विशेष होतो. ‘प’ आणि ‘ष’ यांतील भेद एका तिरप्या रेघेचा. अनुस्वार तर एकच टिंब! तींच आधीं पुसट होतात. शिवाय १०२४×७६८ चें चित्र रुंद पडद्यावर ताणलें असतां भूमितींतील वर्तुळहि अंड्यासारखें दिसूं लागतें.

उपाय सोपा आहे. पडद्याच्या मोकळ्या जागेवर माउसचें उजवें बटण दाबून ‘डिस्प्ले सेटिंग्ज’ उघडावें. ‘रेझोल्यूशन’ या ओळींत पडद्याचें स्वतःचें माप निवडून ‘अप्लाय’ दाबावें. नवी मांडणी ठेवावयाची काय, असें संगणक विचारतो. २० सेकंदांत होकार न दिल्यास जुनी मांडणी आपोआप परत येते. म्हणून चुकीच्या निवडीनें पडदा काळा पडला तरी घाबरूं नये. कांहींएक न दाबतां स्वस्थ बसावें.

येथें वडील मंडळींस एक विनंति आहे. अक्षर मोठें व्हावें म्हणून रेझोल्यूशन कमी करूं नये. त्यानें अक्षर मोठें होतें खरें, पण पुसटहि होतें. रेझोल्यूशन पूर्ण ठेवून त्याच पानावरील ‘स्केल’ वाढवावें. १०० टक्क्यांचें २०० टक्के केल्यास अक्षर दुप्पट उंच होतें, आणि अधिक बिंदु घेऊन तें नव्यानें रेखाटलें जात असल्यामुळें स्वच्छ राहतें. फक्त मजकूरच मोठा हवा असेल तर ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ या भागांत ‘लार्ज टेक्स्ट’ ही सोय आहे.

कधीं कधीं योग्य माप यादींत दिसतच नाहीं. पडदा आपलीं मापें एका छोट्या टिपणानें संगणकास कळवितो. त्या टिपणास ‘एडिड’ म्हणतात. तार सैल असली किंवा तिची एखादी पिन वांकली, तर हें टिपण पोंचत नाहीं व संगणक अंदाजानें लहान माप धरतो. तेव्हां प्रथम तार नीट बसवावी, जमल्यास दुसरी लावून पाहावी. जुन्या एक्स-११ पद्धतींत ‘एक्सरँडआर’ या आज्ञेनें नवें माप यादींत घालतां येतें. परंतु तें त्या बैठकीपुरतेंच टिकतें. नव्या वेलँड पद्धतींत मात्र ही आज्ञा माप बदलूं शकत नाहीं.

तात्पर्य, पुसट पडदा टाकून देण्यापूर्वीं त्याचें माप पाहावें, व चष्म्याचा नंबर वाढला असें ठरविण्यापूर्वींहि तेंच करावें. माप जुळवूनहि अक्षर पुसटच दिसलें, तर मात्र डोळे तपासून घेण्यास विलंब लावूं नये.

अभ्यास : १३६६×७६८ च्या पडद्यावर एकंदर बिंदु किती? १९२०×१०८० च्या पडद्यावरील बिंदूंचे ते निम्म्याहून अधिक कीं कमी? गणित करून सांगा. मग घरच्या पडद्याचें माप वडिलांबरोबर पाहून वहींत टिपून ठेवा.