जावेची लेकरं, एक फोन आणि तू

दिवाळी झाली, ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या आणि उमापूरच्या तुझ्या घरात मोठ्या जावेची दोन लेकरं मागं राहिली. मुलगा पंधराचा, मुलगी तेराची, आणि दोघांत मिळून एक स्मार्टफोन. शिवाय तुझी दोन धाकटी आहेतच. पोरगा रात्री गोधडीत तोंड घालून फ्री फायर खेळतो, पोरगी ताटावरसुद्धा रील सोडत नाही. आजीचं कुणी ऐकत नाही, आणि भाकरी थापता थापता ओरडून तुझा घसा बसलाय. बघ, आधी एक गोष्ट नीट ऐकून घे. तू कमी पडलीस म्हणून हे झालेलं नाही. अख्ख्या गेवराई तालुक्यात, जिथं जिथं आईबाप कोयता घेऊन निघालेत, तिथं हेच चाललंय.

खरं सांगू का, फोन हिसकावून कपाटात टाकावा असं कुणालाही वाटेल. पण टाकू नकोस गं. त्या लेकरांची आई सध्या त्या फोनातच आहे. ती पहाटे तीन-चारला फडात उतरते, गाडी भरायची असली तर मध्यरात्रीही उठते, कधी कोपीवर रेंज नसते. तिचा फोन कधी येईल याचा नेम नाही. म्हणून पोरं फोन उशाला घेऊन झोपतात, आणि वाट बघता बघता हात गेमकडे जातो. व्यसन म्हणून आपण ज्याच्यावर ओरडतो ना, त्यातला निम्मा भाग वाट बघण्याचा असतो.

यवतमाळ जिल्ह्यातल्या बांशीच्या ग्रामसभेनं २०२२ मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. हेतू चांगलाच होता, पण तुझ्या घरात तो चालायचा नाही. मला त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावानं जे केलं ते जास्त पटतं. तिथं संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला आणि साडेआठपर्यंत गावातले टीव्ही-मोबाईल बंद राहू लागले. लॉकडाऊनमध्ये शाळाच मोबाईलवर आली, ती पुन्हा वर्गात भरू लागली तरी पोरांच्या हातून मोबाईल सुटेना, म्हणून हे सुरू झालं. आशाताई, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघर सांगत फिरले. आणि यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे मोठ्यांनीही आपापले फोन खाली ठेवले. आपण मालिका बघत बसायचं आणि पोराला ‘अभ्यास कर’ म्हणायचं, हे पंधरा वर्षांच्या पोराला चालत नाही.

तुझ्या घरात भोंगा नको. जावेशी एकदा बोलून घे आणि तिच्या सोयीची एक वेळ ठरव. त्या वेळी दोघं पोरं फोनजवळ, आईशी पोटभर बोलणं, मग फोन तुझ्याकडे. रात्री तो तुझ्या उशाशी राहील, आवाज मोठा ठेवून. आणि पोरांना शब्द दे की रात्री कितीही वाजता आईचा फोन आला तरी मी तुम्हाला उठवीन. हा शब्द मात्र मोडायचा नाही हं. झोपमोड होईल तुझी, होऊ दे. त्या शब्दावरच पोरं फोन तुझ्या हातात देतील.

रिचार्ज कोण मारतं घरात? रोजचा दीड-दोन जीबीचा पॅक असला की रात्री बाराच्या आत तो संपवायचाच, असा पोरांचा हिशेब असतो. कमी डेटाचा पॅक टाक. यूपीआयचा पिन पोराला ठाऊक असेल तर आजच बदलून घे, कारण गेममधल्या वस्तू पैसे देऊनही मिळतात, आणि त्या खात्यातला पैसा उचलीचा, म्हणजे आगाऊ घेतलेल्या मजुरीचा असतो, अजून फेडायचा असतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं बंदीचा कायदा केला. पण कायदा काही तुझ्या माजघरात येऊन बसत नाही, लक्ष तुलाच ठेवावं लागेल.

आता तुला धीर येईल असं एक सांगते. हवाई बेटांमध्ये कवाई नावाचं एक बेट आहे. तिथली बरीच कुटुंबं ऊस आणि अननसाच्या मळ्यांवर राबणारी, आपल्यासारखीच. १९५५ मध्ये तिथं जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर नावाच्या संशोधिकेनं आणि तिच्या सोबत्यांनी चाळिशीपर्यंत मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणं, आईबापांचं आजारपण, असं सगळं एकदम वाट्याला आलेली मुलंही त्यांत होती. त्यांतली साधारण एक तृतीयांश मुलं तरीही समंजस, कर्तबगार, मायाळू माणसं झाली. त्यांच्यात काय सापडलं माहितीये? प्रत्येकाजवळ लहानपणापासून निदान एक तरी भरवशाचं माणूस होतं. ते आईबापच असायला हवेत असंही नाही. कुणाची आजी, कुणाची मावशी, कुणाचे गुरुजी. आणि घरात त्यांना त्यांच्या वाट्याचं, खरोखर गरजेचं असं काम होतं.

म्हणजे तू आहेस ना गं. काकू चालते!

पोराला काम दे, पण शिक्षा म्हणून नको. शेळ्यांचं वैरणपाणी त्याच्याकडे सोपव, बाजाराचा हिशेब त्याला लिहू दे, आणि चुकला तरी लगेच हातातून ओढून घेऊ नकोस. संध्याकाळी कबड्डीला, क्रिकेटला जात असेल तर जाऊ दे. शाळेत हंगामी वसतिगृह चालू असेल तर तिथल्या गुरुजींच्या कानावर घाल, तेवढंच आणखी एक माणूस त्याच्या बाजूला उभं राहतं.

पहिले काही दिवस चिडचिड होईल, दार आपटेल, जेवणार नाही म्हणेल. तू आवाज चढवू नकोस, ठरलेलंही बदलू नकोस. फोनचं वेड अंगारा लावल्यासारखं एका रात्रीत उतरत नाही.

पोरीचं मात्र वेगळं सांगते, नीट ऐक. पोरगा फोनला चिकटला तर लोक ‘वय आहे’ म्हणतात. पोरगी चिकटली तर शेजारीण तिसऱ्या दिवशी म्हणते, ‘हाताबाहेर चाललीय, उजवून टाका.’ बीड हा बालविवाह जास्त होणाऱ्या जिल्ह्यांपैकी एक आहे, आणि लग्न लावलं की नवा कोयता, म्हणजे ऊस तोडायला नवरा-बायकोची नवी जोडी तयार, हा हिशेबही त्यामागं असतो. तेराव्या वर्षीच्या रीलवर लग्न हा इलाज नाही, तो गुन्हा आहे. घरात कुणी तसा विषय काढलाच तर १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर लक्षात ठेव. आणि पोरीला आत्ताच सांगून ठेव, ‘कुणी फोटोवरून धमकावलं, घाणेरडं लिहिलं, तर आधी मला सांग. मी तुझा फोनही काढून घेणार नाही आणि शाळाही सोडवणार नाही.’ ही भीती असते म्हणूनच पोरी गप्प राहतात. तशी वेळ आलीच तर सायबर गुन्ह्यांसाठी १९३० आहे.

खेळणं आणि आजार यांत फरक आहे, उगाच घाबरू नकोस. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये गेमिंगचा विकार आजारांच्या यादीत घेतला, पण त्याच्या अटी कडक आहेत. खेळण्यावर ताबाच उरत नाही, बाकी सगळं त्यापुढे मागं पडतं, नुकसान दिसत असूनही खेळणं वाढतच जातं, आणि हे साधारण वर्षभर चालतं. पण वर्ष भरायची वाट बघत बसू नकोस. शाळा सुटली, रात्ररात्र झोप नाही, हात उगारायला लागला, किंवा ‘मला जगायचं नाही’ असं काही बोलला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठ. टेली-मानसचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, एक पैसा लागत नाही, मराठीत बोलता येतं.

आणि तो नंबर फक्त पोरांसाठी नाही बरं का. चार लेकरं, सासूबाई, शेळ्या आणि शेत एकटीनं सांभाळताना तुला रडू फुटलं, तर तूही तिथं फोन लाव.