घोड्याचे चित्र आणि महिन्याचा पगार

चित्रकलेची ओढ आणि प्राण्यांची, विशेषतः घोड्यांची, माया या दोन्ही गोष्टी एकाच मुलात किंवा मुलीत दिसू लागल्या, की दहावी-बारावीच्या सुमारास घरोघरी ‘यात पुढे काय?’ असा प्रश्न उभा राहतो. या प्रश्नात वस्तुतः दोन प्रश्न मिसळलेले असतात: उपजीविका कशावर करायची हा एक, आणि आयुष्यभराचा व्यासंग कशाचा ठेवायचा हा दुसरा. हौशी चित्रकार म्हणजे ज्याचे पोट चित्रांवर अवलंबून नाही, परंतु जो नियमाने, अभ्यासपूर्वक चित्रे काढतो असा माणूस. कर्जत-खालापूर परिसरातील बहुतेक विद्यार्थ्यांना हीच वाट अधिक मानवेल, असे येथील परिस्थिती पाहता म्हणावे लागते. मात्र ती सोपी आहे असा समज कोणी करून घेऊ नये.

या परिसराचे भाग्य असे की घोडा पाहण्यासाठी येथील विद्यार्थ्याला तबेला शोधत लांब जावे लागत नाही. कर्जत तालुक्यातील माथेरानला पर्यटकांच्या मोटारी दस्तुरी नाक्याच्या पुढे जात नाहीत, आणि ई-रिक्षा सुरू झाल्यानंतरही प्रवासी व सामान वाहणारे घोडे तेथील तांबड्या वाटांवर दिवसभर ये-जा करताना दिसतात. गिऱ्हाइकाची वाट पाहत उभा असलेला घोडा नीट न्याहाळल्यास तो एक मागचा पाय सैल सोडून, खुराचे केवळ टोक जमिनीला टेकवून उभा असल्याचे, त्यामुळे एका बाजूचा पुठ्ठा खाली उतरल्याचे आणि थोड्या वेळाने त्याने पाय बदलल्याचे ध्यानात येते. नवशिक्याच्या चित्रातील घोडा चारही पायांवर सारखाच भार देऊन टेबलासारखा उभा राहतो, तो हे न पाहिल्यामुळे.

घोड्याच्या पायांची रचना हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. पुढच्या पायात ज्याला सर्वसाधारणपणे गुडघा म्हटले जाते तो सांधा माणसाच्या मनगटाशी जुळतो, मागच्या पायाचा मागे वळलेला सांधा टाचेशी जुळतो, आणि खूर म्हणजे एकाच बोटाचे वाढलेले, कठीण झालेले नख असते. हे एकदा कळले, की पाय नेमका कोठे आणि कोणत्या दिशेने वाकणार याविषयी गोंधळ उरत नाही. चालींचेही तसेच आहे. साध्या चालीत चार खूर एकामागून एक टेकतात, तर दुडकीत कर्णरेषेतील दोन पाय, म्हणजे पुढचा डावा आणि मागचा उजवा, जोडीने उचलले जातात. भरधाव घोड्याचे पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेले असतात अशीच चित्रकारांची दीर्घकाळ समजूत होती; तेओदोर जेरिको या फ्रेंच चित्रकाराने १८२१ साली रंगवलेले शर्यतीचे घोडे तसेच आहेत. एडवर्ड मायब्रिज याने १८७८ मध्ये अमेरिकेत धावत्या घोड्याची क्रमवार छायाचित्रे घेतली, तेव्हा चारही पाय हवेत असतानाच्या क्षणी ते पोटाखाली गोळा झालेले असतात हे सिद्ध झाले. (दिनदर्शिकांवरील घोडे अजूनही जुन्याच पद्धतीने धावतात, ही गोष्ट वेगळी.) जॉर्ज स्टब्ज या इंग्रज चित्रकाराने तर मेलेल्या घोड्यांचे विच्छेदन करून त्यांच्या शरीररचनेवर १७६६ साली सचित्र ग्रंथच प्रसिद्ध केला.

रायगड जिल्ह्याला अशा अभ्यासाची परंपरा नाही असे मात्र नव्हे. अलिबाग तालुक्यातील सासवणे येथे १८९१ साली जन्मलेले शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांना मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकण्याची संधी मिळाली ती कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्याचे तत्कालीन कलेक्टर ओटो रॉथफील्ड यांनी त्यांचे गुण हेरल्यामुळे; पुढे १९२८ मध्ये पुण्यात उभारल्या गेलेल्या शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याने त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. सासवण्याचे त्यांचे घर आता संग्रहालय असून तेथील प्राणिशिल्पे पाहण्यासाठी पालकांनी पाल्यासह एक दिवस काढणे इष्ट ठरेल.

करमरकर व्यावसायिक कलावंत होते. नोकरी सांभाळून प्राण्यांचा ध्यास घेणाऱ्याचे मराठीतील ठळक उदाहरण म्हणजे व्यंकटेश माडगूळकर (१९२७-२००१). पुणे आकाशवाणीत दीर्घकाळ नोकरी करीत असतानाच त्यांनी जंगले पालथी घातली, प्राण्यांची रेखाटने केली आणि वानरांच्या टोळीवरील ‘सत्तांतर’ ही कादंबरी लिहिली, जिला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. घोड्यांच्या चित्रांसाठी जगभर ओळखले गेलेले, पंढरपूरला जन्मलेले मकबूल फिदा हुसेन यांनीही प्रारंभी सिनेमाचे फलक रंगवून आणि मुलांची खेळणी व फर्निचर यांचे आराखडे करून चरितार्थ चालवला होता. पगाराची नोकरी धरली म्हणजे कला संपली, ही भीती म्हणूनच अवास्तव ठरते.

ज्यांना चित्र किंवा घोडा यांपैकी एकावरच उपजीविका करायची आहे, त्यांच्यासाठी दोन प्रमुख वाटा आहेत, आणि योगायोगाने दोन्ही मध्य रेल्वेच्या एकाच मार्गावर येतात. शाळेत असतानाच शासनाच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा द्याव्यात. बारावीनंतर राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षेतून दृश्यकलेच्या चार वर्षांच्या पदवीला प्रवेश मिळतो. १८५७ साली स्थापन झालेली जे. जे. कलाशाळा छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून चालत जाण्याच्या अंतरावर असली, तरी ती आता अभिमत विद्यापीठाचा भाग असल्याने तेथील प्रवेशाचे चालू नियम स्वतंत्रपणे पाहावेत. पशुवैद्यक व्हायचे असल्यास बारावीला जीवशास्त्र हवे, ‘नीट’ ही परीक्षा द्यावी लागते आणि अभ्यासक्रम प्रत्यक्ष प्रशिक्षणासह साडेपाच वर्षांचा असतो. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून सुरू आहे. घोड्यावर प्रेम आहे एवढ्यावरून पशुवैद्यक होण्याचा निर्णय घेणे घाईचे ठरेल, कारण त्या पदवीत गाय, म्हैस, शेळी, कोंबडी या सर्वांचाच अभ्यास करावा लागतो. कर्जत किंवा खोपोलीहून रोज लोकलने जाण्या-येण्यात जाणारे काही तासही हिशेबात धरावेत; चित्रकलेच्या विद्यार्थ्याला मात्र डब्यातील झोपलेले प्रवासी हे फुकटचे मॉडेल असतात.

तिसरी, हौशी कलावंताची वाट निवडणाऱ्याने नोकरी पाहताना पगाराइतकेच कामाच्या वेळांकडे लक्ष द्यावे. खालापूर-खोपोलीच्या कारखान्यांत पाळीची नोकरी, म्हणजे दिवस-रात्र आलटून पालटून येणारी ड्युटी, असते. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळ मोकळी मिळते आणि रात्रपाळीनंतर हातात ब्रश धरवत नाही, हे वेळापत्रक आखतानाच मान्य करावे लागते. सुटीच्या दिवशी माथेरानला जाऊन केवळ पेन्सिलीची रेखाटने करायची, त्यांवरून घरी आठवडाभर एकच चित्र रंगवायचे आणि पावसाळ्यात शरीररचनेचा अभ्यास करायचा, एवढा क्रम पुरेसा असतो. रेखाटन करण्यापूर्वी अश्वपालाची, म्हणजे घोडा बाळगून त्यावर चरितार्थ चालवणाऱ्याची, परवानगी घ्यावी. घोड्याच्या अंगावर रोज खरारा करणाऱ्या या माणसाला त्याची जितकी माहिती असते तितकी क्वचितच एखाद्या पुस्तकात सापडते.

हात बसल्यावर कर्जत भागातील फार्महाऊस व रिसॉर्टवाल्यांकडून पाळीव कुत्र्याचे किंवा घोड्याचे चित्र, क्वचित एखादी भिंत, अशी कामे मिळू शकतात. त्यांत आकार, माध्यम, मुदत आणि मोबदला आधी लिहून घ्यावा, निम्मी रक्कम आगाऊ मागावी आणि शक्य असल्यास प्राणी प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय काम स्वीकारू नये, कारण मालकाने मोबाईलवर जवळून काढलेल्या छायाचित्रात नाक वाजवीपेक्षा मोठे आणि मागचे अंग लहान दिसते, आणि चित्र हुबेहूब त्या छायाचित्राबरहुकूम उतरले तरी ‘हा आमचा नव्हे’ ही तक्रार चित्रकाराकडेच येते.